मातीचा सामू (पीएच) मोजणारं स्वस्त मीटर काळ्या रानात ७ वरून हलत का नाही?

सामू म्हणजे माती किती आम्ल किंवा विम्ल (अल्कधर्मी) आहे त्याचं माप: ७ मध्यावर, त्याखाली आम्ल, त्यावर विम्ल. तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. तीन-चारशे रुपयांचं, दोन सळयांचं मीटर आणलं. लिंबोणीच्या आळ्यात खोचलं, काटा ७ वर. मोगऱ्याच्या कुंडीत खोचलं, तिथंही ७. संध्याकाळी पाणी दिलं आणि सकाळी त्याच आळ्यात पाहिलं तर ६.५. इकडे माती परीक्षणाच्या कागदावर त्याच अंगणातल्या मातीचा सामू ८.२ लिहिलेला. आता खोटं कोण, मीटर की कागद?

कागद खरा धरा. मीटर बिघडलेलं असेलच असं नाही. बहुधा ते त्याच्या परीनं नीट चालू असतं. अडचण वेगळी आहे. त्याचा काटा सामूवर कमी आणि ओल, क्षार व सळईच्या स्वच्छतेवर जास्त हलतो. त्यात मराठवाड्याची माती अशी, की तिचा खरा सामू या मीटरच्या पट्टीच्या अगदी टोकाला किंवा पट्टीबाहेरच पडतो.

काटा कशावर हलतो

या मीटरला बॅटरी नसते. दोन सळया वेगवेगळ्या धातूंच्या असतात: एक तांब्या-पितळेकडची, दुसरी ॲल्युमिनियम किंवा जस्ताची. ओल्या मातीत दोन्ही उतरल्या की मातीचाच विजेचा घट तयार होतो. लिंबात तांब्याची पट्टी आणि जस्ताचा खिळा खोचून वीज काढायचा शाळेतला प्रयोग आठवा, तेच इथं चालतं. निघणारा प्रवाह अगदी बारीक, मायक्रोअँपिअरमध्ये, आणि काटा त्या प्रवाहावर हलतो.

प्रवाह किती निघेल हे मातीतली ओल, विरघळलेले क्षार, सळईला माती किती घट्ट चिकटली आहे, सळईवर गंज-थर किती आहे आणि तापमान किती आहे यावर ठरतं. आम्लता या यादीत आहे, पण ती एकटी नाही आणि पहिलीही नाही. बटण ओलीवरून सामूवर सरकवलं की आतला रोध बदलतो. सळया त्याच, घट तोच. म्हणून ओलीचा काटा जिथं चढतो तिथं सामूचा काटाही सरकलेला दिसतो. बहुतेक स्वस्त मीटरांत प्रवाह वाढला की सामूचा काटा आम्लाच्या बाजूला जातो. पाणी दिल्यावर ७ चं ६.५ का झालं, त्याचं उत्तर इतकंच. माती एका रात्रीत आम्ल झालेली नाही.

दुसरी गोष्ट पट्टीची. बऱ्याच मीटरांची पट्टी ३.५ ते ८ असते. आपली काळी माती दख्खनच्या बेसाल्टवर तयार झालेली, चिकणमातीचं प्रमाण भरपूर, आणि खाली-वर चुनखडीचे पांढरे खडे. अशा मातीचा सामू साधारण ७.५ ते ८.५ मध्ये असतो. म्हणजे आपलं रान जिथं सुरू होतं तिथं मीटरची पट्टी संपते. बालाघाटच्या उतारावरची हलकी, मुरमाड माती सातच्या आसपास असू शकते. भारी रानात ती अपेक्षा धरू नका.

डिजिटल पडद्याची, बॅटरीवर चालणारी, एकाच जाड सळईची मीटरंही याच जातीची असतात. आकडा दशांशात दिसतो म्हणून तो दशांशापर्यंत खरा होत नाही.

मीटर हातात आलं की सगळ्यात आधी एक पाहा: सळया पुसून, बटण सामूवर ठेवून, मीटर नुसतं हवेत धरा. काटा जिथं थांबतो तिथं मार्करनं काचेवर ठिपका द्या. ही त्याची बिनप्रवाहाची जागा, कुठल्या मीटरची ७ वर तर कुठल्याची ८ वर. मातीत खोचल्यावर काटा त्या ठिपक्याजवळच राहिला, तर मातीचा सामू ७ आहे असा अर्थ काढू नका. काहीच मोजलं गेलेलं नाही, एवढाच अर्थ. ‘नेहमी ७ च दाखवतं’ या तक्रारीतला मोठा भाग इथंच निकालात निघतो.

मीटरवर विश्वास ठेवण्याआधी मातीला विचारा

चिनी मातीच्या बशीत चमचाभर वाळलेली माती घ्या. एक चमचा लिंबूसत्व ५० मिली कोमट पाण्यात विरघळवून ठेवा. आता लगेच ते ओतायचं नाही. आधी मातीवर साधं पाणी टाकून ती पूर्ण भिजू द्या, कारण कोरड्या काळ्या मातीत पाणी शिरताना अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते आणि तिलाच लोक फेस समजतात. बुडबुडे थांबले की लिंबूसत्वाचे आठ-दहा थेंब टाका आणि बशी कानाजवळ न्या. मातीत चुनखडी असेल तर सोड्याची बाटली उघडल्यासारखी बारीक चुरचुर ऐकू येते. पांढऱ्या खड्यावर थेंब पडला तर फेस डोळ्यांनाही दिसतो. प्रयोगशाळेत हेच पातळ हायड्रोक्लोरिक आम्लानं करतात आणि तिथं फेस जोरात येतो. घरी संडास साफ करायच्या ॲसिडनं हा खेळ करू नका, लिंबूसत्व पुरतं.

चुरचुर आली म्हणजे मातीत मोकळा चुना आहे, आणि मोकळा चुना असलेल्या मातीचा सामू ७ च्या खाली टिकत नाही. त्याच मातीत मीटर ६.५ दाखवत असेल तर वाद संपला. आकडा सोडून द्या.

चुरचुर आली नाही तरी मीटर पास झालं असं नाही. मग मिठाची तपासणी करा. एकाच मातीचे दोन सारखे वाटे करा, प्रत्येकी अर्धा किलो, दोन प्लास्टिकच्या डब्यांत. एकात २०० मिली डिस्टिल्ड पाणी मिसळा. दुसऱ्यात तेवढंच पाणी, पण त्यात अर्धा चमचा मीठ विरघळवलेलं. दोन्ही सारखे दाबून तासभर ठेवा आणि दोन्हींत तितक्याच खोलीवर, तितकाच वेळ मीटर खोचा. मिठानं मातीचा खरा सामू फार तर अर्ध्या अंकानं खाली येतो. काटा त्याहून जास्त सरकला, तर तुमचं मीटर क्षार मोजतंय हे दिसलं. युरिया, डीएपी किंवा पोटॅश दिल्यानंतर पंधरा-वीस दिवस त्या आळ्यात मीटर खोचून उपयोग का नाही, तेही यातून कळतं. खारं मीठ सळयांना खातं, म्हणून तपासणी झाली की लगेच साध्या पाण्यानं धुवून कोरड्या करा. आणि ही मिठाची माती परत आळ्यात टाकू नका.

तरी हेच मीटर वापरायचं असेल तर

घरात आलेलं आहे, फेकवत नाही, हे समजू शकतो. नेमका आकडा सोडून द्या आणि ‘या कुंडीत त्या कुंडीपेक्षा वेगळं काही आहे का’ इतकंच त्याला विचारा. तेवढ्यासाठीही पुढची पथ्यं लागतात.

*काटा मुळीच हलत नाही.* माती कोरडी आहे किंवा सळयांवर थर आहे. ॲल्युमिनियमवर हवेतच ऑक्साईडचा पातळ पापुद्रा चढतो. झिरो नंबरचा पॉलिश पेपर घेऊन दोन्ही सळया टोकापासून वरपर्यंत घासा, नवा धातू चमकला पाहिजे. मग कोरड्या फडक्यानं पुसा. घासलेल्या जागी बोट लावू नका, हाताचा तेलकटपणा पुरेसा नडतो. घासूनही ओल्या मातीत काटा ठिपक्यावरच राहत असेल तर बटण ‘ओल’ वर करून पाहा. तिथंही हलला नाही तर आतली तार तुटली आहे किंवा सळई मुळातून ढिली झाली आहे. उघडून जोडण्याइतकी किंमत या वस्तूची नाही.

*काटा एकदम सरकतो आणि मग हळूहळू परत येतो.* ताज्या घासलेल्या सळईवर सुरुवातीला प्रवाह जास्त निघतो, पुढच्या मिनिटांत तो मंदावतो. म्हणून कोणत्या क्षणी वाचायचं ते ठरवा आणि दर वेळी तोच क्षण धरा; मोबाईलवर दोन मिनिटांचा गजर लावला तरी चालेल. पुस्तिकेत वेळ दिलेला असेल तर तो पाळा. मीटर मातीत खोचून विसरून जाणं हा सगळ्यात महागडा निष्काळजीपणा आहे: घट चालू राहतो, ॲल्युमिनियम किंवा जस्त झिजत राहतं, आणि रात्रभर मातीत राहिलेली सळई सकाळी काळवंडून खडबडीत झालेली असते.

*एकाच आळ्यात तीन भोकं, तीन आकडे.* इथं दोष बहुतेक वेळा हाताचा आणि ओलीचा. काळी माती वाळली की तडे जातात. सळई तड्यात गेली की तिला हवाच लागते. उलट चिखलात खोचली तर सळईवर चिकणमातीचा लगदा बसतो आणि पुढच्या भोकात आधीच्या भोकाचीच माती मोजली जाते. योग्य वेळ वाफशाची. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा, बोटानं टोचला की फुटावा आणि तळहाताला चिकटू नये.

वाफसा आपोआप नसेल तर आणावा लागतो. फूटभर व्यासाच्या जागेत १५ सेंटिमीटर खोलीपर्यंत ओल पोचायला कोरड्या काळ्या मातीला साधारण २ ते ३ लिटर पाणी लागतं. ते एकदम ओतलं तर तड्यातून खाली निघून जातं. तीन-चार वेळा थोडं थोडं द्या. पाणी डिस्टिल्ड किंवा पावसाचं असावं. बोअरचं पाणी नको, त्यात बायकार्बोनेट आणि क्षार असतात. कुंडीच्या कडेला पांढरी कड येते ती त्याचीच. भारी मातीत पाणी दिल्यावर एक ते दोन दिवस थांबा, हलक्या मुरमाड मातीत काही तासही पुरतात. मग वरचा पालापाचोळा बाजूला करून दोन्ही सळया सरळ, एका दमात, चार इंच खाली घाला आणि अंगठ्यानं भोवतालची माती दाबून घ्या. एकदा खोचल्यावर डावं-उजवं हलवायचं नाही, हलवलं की भोक मोठं होतं आणि संपर्क सुटतो. जोर लावावा लागत असेल तर थांबा: वाळलेल्या काळ्या मातीत या सळया वाकतात किंवा मुळातून सुटतात.

पाच ठिकाणी मोजा, दर वेळी सळया फडक्यानं पुसा. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा सोडून मधले तीन पाहा. मधले तीनही एकमेकांपासून अर्ध्या अंकाहून लांब असतील तर त्या दिवशी मीटर बाजूला ठेवलेलं बरं.

कधी कधी मात्र फरक खरा असतो. घराच्या भिंतीलगत, जिथं बांधकामाचा सिमेंट-चुन्याचा राडारोडा माती टाकून झाकला आहे, तिथं सामू चढलेला असतो. जुन्या माळवदाच्या घराची पांढरी माती अंगणात पसरली असेल तिथंही तसंच. चुलीची राख वर्षानुवर्षं कढीपत्त्याच्या बुडाशी टाकायची सवय घराघरांत आहे. राख चांगलीच विम्लधर्मी असते. उलट नर्सरीतून आणलेल्या कोकोपीटच्या कुंडीत सामू खरोखर ६ च्या आसपास असू शकतो. कुंडीचा आकडा अंगणाला लावू नका.

खरा आकडा हवा असेल तर लगद्यात मोजा

त्याच पैशांत, किंवा थोड्या जास्तीत, काचेच्या फुग्याचं पेनसारखं सामू मीटर येतं. ते पाण्यासाठी बनवलेलं असतं, पण मातीचा पातळ लगदा केला तर मातीसाठीही चालतं. फुगा थेट मातीत खोचायचा नाही, काच मिलिमीटरहून पातळ असते. प्रयोगशाळेतही मातीचा सामू असाच काढतात, फक्त यंत्र चांगलं असतं.

माती एकाच जागची घेऊ नका. परसबागेत आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा १५-२० सेंटिमीटर खोल खड्डा करून त्याच्या बाजूची वरपासून खालपर्यंत बोटभर जाडीची चकती कापा. सगळी माती कागदावर एकत्र करा, काडी-मुळं-खडे काढा, गोल पसरून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन टाका, उरलेले दोन पुन्हा मिसळा. अर्धा किलो राहीपर्यंत हे करा. सावलीत वाळवा. उन्हात किंवा तव्यावर वाळवायची घाई नको. ढेकळं लाकडी लाटण्यानं फोडून रव्याच्या चाळणीनं चाळा. चुनखडीचे खडे कुटून मातीत मिसळू नका. ते चाळणीवर राहतील तसे राहू द्या. नाहीतर शेतात जो चुना खड्यात बंद आहे तो तुमच्या पेल्यात मोकळा होतो.

प्रमाण १ ला २.५: २० ग्रॅम माती, ५० मिली डिस्टिल्ड पाणी. २० ग्रॅम स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर येतात. ५० मिली खोकल्याच्या औषधाच्या मापी झाकणानं पाच वेळा १० मिली घेऊन होतात. पेट्रोल पंपावर मिळणारं बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी चालतं. बाटलीवर नीट वाचा, बॅटरीचं ॲसिड वेगळं असतं. पिण्याच्या आरओत थोडे क्षार मुद्दाम ठेवलेले असतात, म्हणून ते दुसऱ्या पसंतीचं. काचेच्या पेल्यात माती-पाणी अर्धा तास ठेवा आणि दर पाच मिनिटांनी ढवळा. चिकणमाती पाणी हळू घेते, पहिल्या मिनिटाचा आकडा आणि अर्ध्या तासानंतरचा आकडा वेगळा येतो.

तोवर पेन जुळवून घ्या. सोबत आलेल्या पुड्या ४.०१, ६.८६ आणि ९.१८ च्या असतात. आपल्या मातीसाठी ६.८६ आणि ९.१८ ची जोडी वापरा, कारण आपला आकडा या दोहोंच्या मध्ये येणार आहे. फक्त ६.८६ वर जुळवलेलं पेन ८.३ च्या आसपास किती चुकतं ते कळायला मार्ग नसतो. पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा, बहुधा २५० मिली. आधी ६.८६ मध्ये बुडवून आकडा जुळवा, फुगा डिस्टिल्ड पाण्यानं धुवा, टिपकागदानं हलकेच टिपा, मग ९.१८.

इथं उन्हाळ्यात एक गफलत होते. पुडीवरचा आकडा २५ अंश तापमानाचा असतो. मे महिन्यात दुपारी ४० अंशांत ९.१८ चं द्रावण स्वतःच ९.०७ वर आलेलं असतं, ६.८६ चं मात्र ६.८४ पर्यंतच उतरतं. पेनवर तापमान दुरुस्ती लिहिलेली असली तरी ती काचेच्या फुग्याच्या वागण्याची दुरुस्ती आहे. स्वस्त पेन ४० अंशांतही द्रावणाला ९.१८ च म्हणायला लावतं आणि चूक मातीच्या आकड्यात उतरते. सकाळी घरात, सावलीत करा. द्रावणं आणि लगदा एकाच तापमानाचे असावेत, इतकं पाळलं तरी पुरे.

अर्धा तास झाला की शेवटचं ढवळून लगेच पेन घाला. फुगा वरच्या गढूळ पाण्यात असावा, तळाच्या गाळात नाही. गाळात टेकवला तर आकडा बदलतो. अर्ध्या-एक मिनिटात आकडा थांबतो. त्याच मातीचा दुसरा पेला करून पाहा. दोहोंत ०.२ च्या आत फरक आला तर मोजणी बरोबर.

पेनचे रोग मातीपेक्षा ठेवणीतून जास्त येतात. आकडा थांबतच नसेल, एका दिशेनं सरकत राहत असेल, तर फुगा वाळला आहे. टोपणातल्या स्पंजावर पोटॅशियम क्लोराईडचं द्रावण हवं: १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात सुमारे २२ ग्रॅम शुद्ध पोटॅशियम क्लोराईड. म्युरेट ऑफ पोटॅश खत म्हणजे तेच रसायन, पण गोणीतलं लालसर खत इथं चालत नाही. द्रावण नसेल तर तात्पुरतं ४.०१ चं वापरा. नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात पेन बुडवून ठेवायचं नाही, त्यानं फुग्यातलं मीठ बाहेर ओढलं जातं. वाळलेला फुगा पोटॅशियम क्लोराईडमध्ये रात्रभर ठेवला तर बऱ्याचदा परत येतो.

आकडा संथ झाला असेल तर फुग्यावर काळ्या मातीचा तलम थर बसला आहे. भांडी घासायच्या साबणाचा थेंब आणि लहान मुलाचा मऊ टूथब्रश, अगदी हलक्या हातानं. चुन्याचा पांढरा थर असेल तर दहा मिनिटं व्हिनेगरमध्ये, मग धुवून तासभर पोटॅशियम क्लोराईडमध्ये, आणि पुन्हा जुळवणी. ९.१८ चं द्रावण उघडं राहिलं की हवेतला कार्बन डायऑक्साईड घेऊन खाली उतरतं. झाकणबंद बाटलीत ठेवा आणि एकदा वापरलेलं परत बाटलीत ओतू नका. डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ‘७ यायला हवं, ५.८ दाखवतं’ अशी तक्रारही येते. त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, आकडा भरकटतोच, शिवाय हवेतला वायू विरघळून पाणी खरोखर किंचित आम्ल होतं. पेन तपासायचंच असेल तर खाण्याच्या सोड्याचं पाणी चांगलं: ताज्या द्रावणाचा सामू ८.३ च्या आसपास असतो, चिमूट कमी-जास्त झाली तरी. आपल्या मातीच्या अगदी शेजारचा आकडा, तोही पाच रुपयांत.

आकडा हाती आल्यावर

प्रयोगशाळेचा कागद ८.२ म्हणतो आणि तुमच्या लगद्यात ८.० आला तर भांडण नाही. ओल्या, मुळं असलेल्या मातीत थेट मोजलं तर चांगल्या यंत्रावरही आकडा थोडा खाली येऊ शकतो: मुळांच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साईड मातीत कोंडलेला असतो आणि चुनखडीच्या मातीचा सामू तो खाली ओढतो. माती वाळवून हवेत पसरली की वायू निघून जातो आणि आकडा चढतो. जुलैतला आणि मेमधला आकडा म्हणूनच जुळत नाही. तुलना करायची तर दर वर्षी एकाच महिन्यात करा.

दोन सळयांच्या मीटरवर ६ किंवा ६.५ पाहून मातीत चुना टाकणं, ही या सगळ्या घोळातली खरी नुकसानीची पायरी. चुन्याचा सल्ला कोकणातल्या जांभ्या, आम्ल मातीसाठी आहे. इथं मातीत चुना मुळातच मुबलक आहे.

उलट, ८.२ पाहून माती आम्ल करायच्या मागं लागणाऱ्यांनी एक हिशोब करावा. एक वर्ग मीटर जागेत १५ सेंटिमीटर थराची माती सुमारे २०० किलो. त्यात ५ टक्के चुनखडी धरली तर १० किलो. एवढी विरघळवायला ३.२ किलो गंधक लागतं, आणि ते जिवाणूंनी आम्लात बदलायला महिने लागतात. व्हिनेगरनं करायचं म्हटलं तर ४ टक्क्यांचं साधारण ३०० लिटर, तेही एकाच वर्ग मीटरला! अर्धा कप व्हिनेगर ओतल्यावर काटा खाली आला, असं सांगणाऱ्याचा काटा ओल आणि आम्लाच्या क्षणिक प्रवाहानं आलेला असतो. दोन दिवसांनी माती होती तिथंच. अनंतासारखी आम्ल माती मागणारी झाडं कुंडीत, कोकोपीट-कंपोस्टच्या मिश्रणात लावा आणि पावसाचं पाणी साठवून द्या. अंगणातल्या काळ्या मातीशी झुंजू नका.

८.५ च्या वर आकडा येत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. पाणी दिल्यावर डबकं तासन्‌तास हटत नाही, माती ओली असताना लोण्यासारखी निसरडी आणि वाळली की दगड, वर काळपट पापुद्रा: ही चोपणाची, म्हणजे सोडियम जास्त झालेल्या मातीची, लक्षणं. जायकवाडीच्या कालव्याखालच्या सखल, निचरा नसलेल्या रानांत ती भेटतात. घरी ढोबळ खूण हवी तर लगद्याचं पाणी कॉफीच्या गाळणकागदातून गाळून त्यात हळदीत भिजवून वाळवलेला टिपकागद बुडवा. चुना लागला की हळद लाल होते, कुंकवाची जुनी रीत तीच. वसमतची असो की कुठलीही, हळद ८.५ च्या पुढं तांबूस व्हायला लागते; पिवळी राहिली तर चोपणाची शंका कमी. अशा मातीला जिप्सम लागतं, पण किती ते विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना धरून बसलेलं सोडियम) मोजल्याशिवाय ठरत नाही. नुसत्या चुनखडीच्या मातीत जिप्सम टाकून सामू खाली येत नाही, तो खर्च वाया जातो.

इथं नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि जिल्ह्याजिल्ह्यांतली कृषी विज्ञान केंद्रं आहेत. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेत सामूसोबत विद्युत वाहकता (क्षारांचं माप), सेंद्रिय कर्ब, लोह, जस्त धरून १२ घटक येतात. नमुना अर्धा किलो, स्वच्छ कापडी पिशवीत. खताच्या रिकाम्या गोणीच्या तुकड्यात बांधून दिला तर क्षाराचा आकडा खताचाच येईल.

आणि बहुतेकांनी मीटर घेतलेलं असतं ते मुळात पानं पिवळी पडतात म्हणून. कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या, असा केवडा दिसत असेल तर ८ च्या वरच्या सामूत लोह असूनही झाडाला उचलता येत नाही. मातीत टाकलेलं हिराकस (फेरस सल्फेट) चुनखडीत लवकरच निरुपयोगी होतं. १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम लिंबूसत्व, आधी लिंबूसत्व विरघळवून मग हिराकस, संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंनी. आठ-दहा दिवसांनी पुन्हा. द्रावण तांबूस झालं असेल तर ते फवारू नका, नवं करा. मातीतूनच द्यायचं असेल तर चिलेटेड लोहाच्या (सेंद्रिय रेणूत धरून ठेवलेल्या लोहाच्या) पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं आहे का ते पाहून घ्या. ईडीटीए प्रकारातलं लोह साडेसहाच्या वरच्या सामूत सुटून जातं, आणि दुकानात स्वस्त म्हणून बहुधा तेच पुढं केलं जातं.